चानकी, उकडपेंडी आणि लेकराची सकाळची भूक

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडची घरे पहाटे पाचलाच जागी होतात. पहिले भांडे चढते ते चहाचे, आणि घरातली मोठी माणसे तो चहा घेऊन आपापल्या कामाला लागतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक कास्तकारांच्या घरी थोड्याफार फरकाने हाच क्रम असतो. त्यात दोन-अडीच वर्षांचे लेकरू उठले, की त्याच्याही वाट्याला बशीभर चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट येते, कारण आईला आठच्या आत वावरात पोहोचायचे असते आणि निघताना लेकरू रडायला नको असते. पुढे नऊ-साडेनऊला आजी त्याच्यासमोर पोह्यांची किंवा वरण-पोळीची ताटली ठेवते, तेव्हा ते तोंड फिरवून अंगणात पळते. मग दारोदार एकच तक्रार ऐकू येते, की हे पोरगे काहीच खात नाही.

लहान मुलांना न्याहारीला काय द्यावे असे कोणी विचारले, की आपण लगेच पदार्थांची नावे सांगू लागतो. पदार्थ महत्त्वाचे आहेतच आणि त्यांच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. परंतु माझ्या मुलाला आणि आमच्या वस्तीवरच्या त्याच्या वयाच्या इतर लेकरांना जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की ताटली समोर येण्याआधी पोटात काय गेले आणि समोर आलेला घास किती मऊ, किती लहान, किती तिखट आहे, या दोन गोष्टींवर बाकीचे सारे अवलंबून असते. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर आपल्या घरात रोज शिजते त्यातूनच लेकराची न्याहारी निघते आणि तिच्यासाठी वेगळे काही विकत आणावे लागत नाही.

आधी भुकेचे गणित समजून घ्यायला हवे, कारण ते समजले की निम्मी काळजी मिटते. जन्माच्या वेळी ३ किलोचे असलेले बाळ वर्षाचे होईपर्यंत जवळजवळ तिप्पट होते, म्हणजे ९ किलोच्या आसपास जाते. दुसऱ्या वर्षात त्याचे वजन २ ते अडीच किलोच वाढते आणि त्यानंतरची काही वर्षे दरवर्षी सुमारे २ किलोचीच भर पडते. वाढीचा वेग असा मंदावला, की भूकही त्याच मानाने कमी होते, आणि नेमक्या याच वयात लेकरू चालायला, बोलायला आणि ‘नको’ म्हणायला शिकते. वर्षाच्या आत वाटी चाटूनपुसून संपवणारे मूल दीड वर्षाचे झाल्यावर अर्धी वाटीही खात नाही, तेव्हा आईला वाटते की काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते त्याच्या वयाला धरूनच असते. आहारतज्ज्ञ एक ढोबळ ठोकताळा सांगतात, की वयाच्या एका वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा पुरेसा होतो. या हिशेबाने दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे वरण, दोन चमचे भात आणि फळाची एखादी फोड ही पुरेशी न्याहारी आहे. आपण त्याच्यासमोर मोठ्यांच्या मापाची ताटली ठेवतो आणि ती उरली म्हणून खंत करतो.

इतक्या लहान भुकेत चहा-बिस्किटाने आधीच जागा घेतली, तर मागे उरते किती? बिस्किट म्हणजे मुख्यतः मैदा, साखर आणि तेल. त्याने पोट भरल्यासारखे होते, पण वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने आणि लोह त्यातून फारसे मिळत नाही. चहाचा अपाय त्याहून खोल आहे. चहातली टॅनिनसारखी द्रव्ये धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात. ज्या घरात मांस-मासे क्वचितच शिजतात आणि लोहाचा सारा भरवसा भाकर, डाळ आणि भाजीवर असतो, तिथे हा अडथळा लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ५३.८ टक्के होता. शंभरातली जवळजवळ सत्तर लेकरे फिक्या रक्ताची आहेत, हे वाचल्यापासून लेकराच्या बशीतला चहा मला साधी सवय म्हणून सोडून देता येत नाही.

मात्र ‘चहा बंद’ असे म्हणून काम भागत नाही. मी माझ्या मुलाकडे नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्याला चहापेक्षा बशी हवी असते. आजोबा ओट्यावर बसून बशीत चहा ओततात, फुंकर घालतात आणि भुरका मारतात, तसे त्यालाही त्यांच्या शेजारी बसून करायचे असते. म्हणून त्याची बशी तशीच ठेवून तिच्यात कोमट दूध ओतायला आम्ही सुरुवात केली, आणि काही दिवस कुरकुर करून त्याने ते मान्य केले. दूधही बशीभरच असावे. ज्यांच्या दारात गाय-म्हैस आहे अशा घरांत लेकरू जेवत नाही म्हणून दिवसभर त्याच्या हाती दुधाची बाटली असते. परंतु रोज अर्ध्या लिटरहून अधिक दूध पोटात गेले, तर जेवणाला जागा राहत नाही, आणि दुधात लोह अगदीच कमी असल्याने रक्तक्षयाला वाट मिळते. उठल्यावर थोडे पाणी, बशीभर दूध आणि तासाभराच्या आत खरी न्याहारी, असा क्रम बसला की लेकराला ताटलीजवळ बोलावण्याची गरज उरत नाही, ते आपणच चुलीपाशी येऊन बसते.

आता पदार्थांकडे वळते, आणि सुरुवात ज्वारीच्या भाकरीपासून करते, कारण न्याहारीच्या यादीत तिचे नाव कोणी घेत नाही. मोठ्यांची भाकर लेकराला नको वाटते, याला कारण आहे. ती कडेला जाड असते, गार झाली की कडक होते, आणि जेमतेम दाढा फुटत असलेल्या तोंडात तिचा घास फिरत राहतो. पण भाकर विस्तवावर टम्म फुगली की तिचा वरचा पापुद्रा सुटतो, आणि तो पापुद्रा नाकारणारे लेकरू मी अजून पाहिलेले नाही. वाफ निघून गेल्यावर तो अलगद सोलून त्याला बोटाने तूप लावावे, वर चिमटीने अगदी थोडे मीठ टाकावे आणि गुंडाळी करून लेकराच्या हाती द्यावी. आमच्याकडे भाकरीशी मैत्री इथून सुरू झाली. त्यानंतर सासूबाई रोज शेवटच्या लहान गोळ्याची तळहाताएवढी चानकी थापू लागल्या. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगले मळले आणि चानकी पातळ थापली, तर ती गार झाल्यावरही मऊ राहते.

चानकीचा गुण तिच्या आकारात आहे. या वयाच्या मुलाला वस्तू अख्खी हवी असते. मोठ्या भाकरीचा चतकोर तोडून दिला, तर माझा मुलगा तो परत जोडून द्या म्हणून रडतो, आणि त्या रडण्यात न्याहारीची वेळ निघून जाते. चानकी मात्र पूर्ण, गोल आणि त्याची एकट्याची असते. तिचे तुकडे तो स्वतःच्या हाताने करतो, कधी वरणात बुडवतो, कधी दह्यात, आणि पुष्कळदा अर्धी चानकी खाऊन उरलेली दाराशी आलेल्या वासराला नेऊन देतो. त्यावर कोणी रागावू नये, असे आम्ही घरात ठरवले आहे. खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्याकडे ज्वारीत अख्खे काळे उडीद मिसळून कळण्याची भाकर करतात. तशी चानकी केली तर धान्य आणि डाळ एकाच घासात पोटात जातात, आणि ज्या मुलाला वरण आवडत नाही त्याच्यासाठी हा उपाय मला सगळ्यांत चांगला वाटतो.

दुसरा पदार्थ उकडपेंडी. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगते. गव्हाचे जाडसर पीठ घ्यावे. कढईत तेलावर मोहरी, जिरे आणि कढीपत्ता टाकून बारीक चिरलेला कांदा परतावा, हळद घालावी, मग पीठ घालून मंद आचेवर ते खमंग आणि तांबूस होईपर्यंत भाजावे. इथे घाई केली तर पीठ कच्चे राहते आणि तोंडात चिकटते. भाजून झाले की मीठ घालून वरून गरम पाण्याचा किंवा ताकाचा हबका मारत राहावे आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ काढावी. मोठ्यांसाठी ती मोकळी करतात आणि फोडणीत लाल मिरची असते. लेकरासाठी मिरची घालण्याआधीच फोडणीतला वाटा बाजूला काढावा, ताक जरा सैल हाताने घालावे आणि तयार उकडपेंडी कोमट असताना तिचे बोराएवढे मऊ गोळे वळावेत. मोकळी उकडपेंडी लहान मुलाच्या हातातून सांडते, घशात कोरडी लागते आणि चमच्याने भरवावी लागते. गोळा मात्र ते स्वतः उचलते आणि दह्यात बुडवून खाते. माझा मुलगा हे गोळे आधी ताटलीच्या कडेने रांगेत मांडतो आणि मग एकेक खातो. पूर्वी त्याने उकडपेंडी तीनदा थुंकून टाकली होती, आणि पदार्थ तोच असूनही घासाचा आकार बदलताच त्याने ती स्वीकारली, हे मला फार शिकवून गेले.

तिखटाविषयी इथेच बोलायला हवे, कारण आमच्या भागात स्वयंपाक तिखटाचा असतो. तर्रीचे पोहे, ठेचा, झणझणीत चून (पिठले) हे सारे आमचे आवडते, पण ते दोन वर्षांच्या जिभेसाठी नाही. अनेक घरांत लेकराला दिलेली भाजी पाण्याने धुऊन देतात, आणि त्या धुण्यात चवही जाते. तसे करण्यापेक्षा मिरची पडण्याआधी त्याची वाटी काढून घेणे सोपे असते. जवसाची चटणीही अशीच बिनमिरचीची करता येते. जवस भाजून, त्यात भाजलेले जिरे आणि थोडे मीठ घालून बारीक कुटावे, तूप लावलेल्या पोळीवर ते पसरावे आणि घट्ट गुंडाळी करावी. जवसात ओमेगा-३ प्रकारची चांगली स्निग्धता असते आणि तो आपल्याच मातीत पिकतो. शहरातल्या दुकानात तोच छोट्या डब्यातून महाग विकला जातो, हे पाहून मला नेहमी वाटते की आपण आपल्या कोठीकडे पुन्हा एकदा नीट पाहावे.

बाकीचे पदार्थ झरझर सांगते. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकासोबत किंवा दुधासोबत द्याव्यात. उन्हाळ्यात आदल्या रात्री ताकात भिजवलेल्या पिठाची आंबील पातळ शिजवून गार करून द्यावी. बेसन आणि ज्वारीचे पीठ मिसळून त्यात किसलेला भोपळा किंवा शेवग्याचा कोवळा पाला घालून लहान धिरडी घालावीत. मेथीचे मुटके वाफवून, तेलात न तळता, हाती द्यावेत. रात्रीची पोळी उरली असेल तर तिचा कुस्करा करून त्यावर एक अंडे फोडून परतावे; एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि परसात कोंबड्या असलेल्या घरात अंडी आठवडी बाजारात विकून त्याच पैशांचे बिस्किटाचे पुडे आणले जातात, ही गोष्ट मला मनापासून सलते. मुगाची डाळ रात्री भिजवून सकाळी वाटली, की वड्याच्या पिठातूनच लेकरासाठी तव्यावर दोन मऊ थालीपिठे निघतात.

माझ्या बहिणीचे सासर साकोलीकडे, धानाच्या मुलखात आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत सकाळची सोय तांदळाची असते, आणि तिच्याकडे लेकरे तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, आवडीने खातात, कारण ते मऊ असतात आणि चावावे लागत नाहीत. अडचण एवढीच, की नुसता तांदूळ लवकर पचतो आणि तासाभरात लेकरू पुन्हा भुकेने कुरकुरते. ती आता आयत्यांच्या पिठात मुगाचे किंवा उडदाचे पीठ मिसळते आणि रात्रीच्या भाताला फोडणी देताना त्यात शिजलेली डाळ घालते.

ऋतू पाहून न्याहारी ठरवली, तर लेकराला रोज तेच ते वाटत नाही आणि खिशालाही ताण पडत नाही. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा भरतात. हिरवे सोले काढून, मऊ उकडून, बोटांनी चिरडून दिले तर त्यांचा गोडवा मुलांना आवडतो, आणि शेंगा सोलायला त्यांना शेजारी बसवले तर सोलता सोलता एखादा दाणा तोंडात जातोच, म्हणून जवळ बसून लक्ष ठेवावे लागते. याच दिवसांत अमरावती-नागपूरकडच्या आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात, आणि पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची. संत्र्याच्या दोन फोडी, बिया आणि वरची पातळ साल काढून, न्याहारीसोबतच द्याव्यात, कारण त्यातले क जीवनसत्त्व धान्य आणि डाळीतले लोह शोषून घ्यायला मदत करते. चहा जे काम बिघडवतो, तेच काम संत्रे सुधारते, आणि संत्र्यांच्या प्रदेशात राहूनही आपण ते आजाऱ्याला भेटायला जातानाच आठवतो. संत्री नसतील तेव्हा पेरूची मऊ फोड चालते, आणि पोह्यांवर पिळलेले लिंबूसुद्धा त्याच कामाचे आहे.

इतके सगळे करूनही लेकरू नको म्हणेल, आणि पुष्कळदा म्हणेल. साधारण दोन वर्षांपासून पुढची काही वर्षे मुलांना अनोळखी अन्नाची भीती वाटते आणि जगभरच्या मुलांमध्ये हे दिसते. नवा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो चाखते. आपण दुसऱ्या-तिसऱ्या नकारालाच ‘याला हे आवडत नाही’ असा शिक्का मारतो. शेवग्याचा पाला धिरड्यात बारीक चिरून घालणे योग्यच आहे, कारण त्यातून पोषण मिळते, पण माझ्या मते ताटलीच्या कडेला त्याच भाजीची चिमूटभर उघडी ठेवणेही तितकेच गरजेचे आहे. लपवलेल्या भाजीने पोट भरेल, ओळख होणार नाही. त्याने ती चिमूट बोटाने दूर सारली तरी चालते, तिला हात लावला हेही पुष्कळ आहे.

आमच्या घरी या बाबतीत सासूबाईंचे म्हणणे पहिल्यापासून ठाम आहे. मी वाटी घेऊन अंगणभर फिरताना दिसले, की त्या ओट्यावरूनच म्हणायच्या, “त्याले भूक लागली का थो आपल्या आपणच मांगीन वं, तू त्याच्या मांगं मांगं नको फिरू.” अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात मांडलेले सूत्र मी पुढे वाचले, तेव्हा मला हे वाक्य आठवले. काय द्यायचे, केव्हा आणि कुठे द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे, असे ते सूत्र आहे. सासूबाईंच्या म्हणण्याला त्यात एक महत्त्वाची जोड आहे, ती वेळेची. भूक लागल्यावर मागेल हे खरे, पण मधल्या वेळात दुकानातला पाच रुपयांचा पुडा हाती आला, तर ती भूक कधी लागणारच नाही. म्हणून न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मध्ये पाण्याशिवाय काही न देण्याची शिस्त घरातल्या सर्वांनी पाळावी लागते, आणि लाडाने पुडा घेऊन येणाऱ्या काका-आत्यांनाही हे प्रेमाने सांगावे लागते. मोबाईल समोर धरून भरवणे तर मला अजिबात पटत नाही. पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाला आपण काय खाल्ले आणि पोट भरले की नाही, हे कळत नाही, आणि ते कळणे हाच या वयातला धडा आहे.

एक सावधगिरी मात्र मी अगदी आग्रहाने सांगते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्चे कडक दाणे आणि बी असलेली बोरे पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत. आमच्याकडे ओट्यावर शेंगांचा ढीग आणि खिशात फुटाणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि धावता-हसताना असा दाणा श्वासनलिकेत अडकला तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. शेंगदाणे द्यायचे तर कूट करून, गुळासोबत मऊ लाडू वळून द्यावेत. लेकराने बसूनच खावे, हा नियमही याच कारणासाठी आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. प्रत्येक न खाणारे लेकरू केवळ हट्टी असते, असे समजून स्वस्थ बसू नये. ज्या जिल्ह्यांत आपण राहतो, तिथे कमी वजनाची मुले पुष्कळ आहेत. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड आढळली. नखरे करणारे, पण दर महिन्याला थोडे थोडे वाढणारे, खेळणारे, हसणारे मूल एक; आणि सतत मलूल, वजन थांबलेले, भूकच न लागणारे मूल वेगळे. हा फरक डोळ्यांनी नेहमी ओळखता येत नाही, म्हणून अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यावे आणि वाढीच्या तक्त्यावरची रेघ ताईंकडून समजून घ्यावी. दंडाचा घेर मोजण्याची पट्टी त्यांच्याकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेबारा सेंटीमीटरच्या खाली आला तर ते कुपोषणाचे लक्षण आहे, आणि साडेअकराच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण समजून लगेच आरोग्य केंद्रात न्यावे लागते, जिथून गरजेप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. पोटातले जंतही भूक मारतात. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या मोहिमेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये, आणि आशाताई देतात ते लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर, ठरल्याप्रमाणे द्यावे. ते चहा-दुधासोबत न देता न्याहारीनंतर थोड्या वेळाने दिले तर जास्त लागू पडते.

अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायला मिळणारा शिधाही अनेक घरांत पडून राहतो, कारण तो शिजवून समोर ठेवला तर लेकरू खात नाही. त्यातली डाळ, कडधान्ये किंवा पीठ जे काही मिळेल, ते घरच्या धिरड्यात, चानकीत, लाडवात मिसळले तर सहज पोटात जाते. ते लेकराच्या हक्काचे अन्न आहे आणि ते त्याच्याच ताटलीत जायला हवे.

हल्ली मोबाईलवरच्या चित्रफितींमुळे गावातल्या तरुण आयाही नाचणीचे पीठ शोधत तालुक्याला जातात. नाचणी चांगलीच आहे, तिच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि ज्यांना ती सहज मिळते त्यांनी जरूर द्यावी. पण कोकण आणि घाटमाथ्यावरचे ते धान्य इकडे दुरून येते, महाग पडते आणि महिनाभर करून सुटते. ज्वारीत साधारण १० टक्के प्रथिने आहेत आणि लोहात ती नाचणीच्या फार मागे नाही. तिला सोडून आपण दुसरे धान्य का शोधतो, या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघराइतकेच वावरातही आहे. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळी कापसासोबत ज्वारी आणि तूर पेरली जाईच, कारण माणसांना भाकर लागे आणि बैलांना कडबा लागे. १९९०च्या दशकापासून सोयाबीन आले, पुढे बैल कमी होऊन ट्रॅक्टर आले, कडब्याची गरज सरली, आणि ज्यांनी हौसेने ज्वारी पेरली त्यांच्या कणसांवर पाखरे आणि रानडुकरे उतरली. शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ मिळू लागल्यावर ज्वारी ही विकत आणायची वस्तू झाली. ज्या घरात मोठेच भाकर खात नाहीत, तिथे दोन वर्षांच्या मुलाने ती खावी, ही अपेक्षा फार मोठी आहे, कारण या वयाचे मूल समोरच्याच्या ताटात पाहून जेवते.

आमच्या घरी यंदा विहिरीजवळच्या पट्ट्यात ज्वारीची थोडी तासे, म्हणजे काही ओळी, पेरावीत, असा विचार सुरू आहे. मुलाच्या बाबांना रानडुकरांची काळजी आहे, कारण राखण कोणी करायची हा खरा प्रश्न आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की घराजवळचा पट्टा असल्याने राखण होईल आणि दारातल्या गायीला कडबाही होईल. ते ठरेपर्यंत मी शेजारच्या गावातल्या, रब्बीची ज्वारी घेणाऱ्या एका कास्तकाराकडून पायलीने ज्वारी आणते आणि एका वेळी आठवड्यापुरतीच दळून घेते, कारण जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, त्याची चानकी थापताना फाटते आणि फाटलेली चानकी फुगत नाही.